क्लीनर साइडचं मागचं दार

मेकॅनिकलला ॲडमिशन मिळाली की घरचे लोक आपल्याला मेकॅनिक समजायला लागतात. मिक्सर बंद पडला, हाक मारा. गिझर गळतोय, हाक मारा. आपण इकडे मागच्या वर्षीच्या जर्नलवरून फोर-बार मेकॅनिझमची आकृती उतरवून काढत असतो हे त्यांना कसं सांगणार? म्हणून सुट्टीत घरी गेले की हातात एखादं जाड पुस्तक धरून बसायचं असं माझं धोरण आहे. यंदाच्या दिवाळीत ते चाललं नाही, कारण आमच्या गाडीच्या मागच्या दाराचं हँडल तुटलं होतं आणि आजीचं डायलिसिस त्या हँडलवर येऊन अडलं होतं.

आधी गाडीची ओळख करून देते. मारुती ८००, २००४ चं मॉडेल, रंग एकेकाळी पांढरा. म्हणजे माझ्यापेक्षा मोठी. २०१९ मध्ये पंधरा वर्षं पुरी झाली तेव्हा बाबांनी आर.टी.ओ.त जाऊन मुदत वाढवून आणली, २०२४ मध्ये पुन्हा. प्रत्येक वेळी "आता विकून टाकू" हा विषय निघतो आणि प्रत्येक वेळी आजी म्हणते, "मला या गाडीत बसता येतं. नवीन गाडीत चढावं लागतं." विषय संपतो.

आता हँडलचं काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. चार दारं आहेत, एक उघडलं नाही तर दुसऱ्याने उतरावं. पण नीट विचार करा. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात, म्हणजे फुटपाथ नेहमी डावीकडे. हॉस्पिटलच्या दारात गाडी लागते तेव्हा रॅम्प आणि व्हीलचेअर डावीकडे, आणि उजवीकडून पीएमपीची बस अंगावर येत असते. आजी बसते मागे डावीकडे, कारण पुढे बसलं की तिला गुडघे वळवून बाहेर निघता येत नाही. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस. तिच्या डाव्या हातात फिस्च्युला आहे, म्हणजे रोहिणी आणि नीला शस्त्रक्रियेने जोडून केलेली जागा, जिथे सुया टोचतात. त्या हातावर भार द्यायचा नाही, त्या हाताचं बीपीसुद्धा घ्यायचं नाही. मग तिने उजव्या दारातून आत येऊन सीटवरून डावीकडे सरकायचं कसं? हातावर जोर न देता सीटवर सरकून बघा एकदा, मग कळेल.

हँडल दसऱ्याच्या सुमारास तुटलं होतं. तेव्हापासून बाबा पुढच्या सीटवरून मागे वाकून आतलं हँडल ओढायचे, दार उघडायचं, चाललं होतं. ज्या गॅरेजमध्ये गाडी नेहमी जाते तिथे त्यांना सांगितलं गेलं, "या गाडीचे पार्ट येणं बंद झालं, स्क्रॅपमधून अख्खं दार बघावं लागेल." हे मला पटेना. कंपनीने ही गाडी बनवणं २०१४ च्या जानेवारीत थांबवलं हे खरं, पण त्याआधी तीस वर्षं ती बनत होती आणि रस्त्यावर अजून ढिगाने आहेत. गाडी बंद झाली म्हणून तिचं हँडल बंद होत नाही. घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी नाना पेठेत गेले. काउंटरवरच्या काकांनी मान वर न करता विचारलं, "क्लीनर साइड की ड्रायव्हर?" मला सेकंदभर लागला. खाजगी गाडीला कसला आलाय क्लीनर! पण ट्रकमध्ये क्लीनर डावीकडे बसतो, म्हणून डावी बाजू ती क्लीनर साइड, गाडी ट्रक असो की मारुती. "मागचं, क्लीनर साइड, आउटर." एकशे ऐंशी रुपये. पिशवीत घालून घरी आणलं आणि दिवाळी झाल्यावर सावकाश बसवू असं ठरवलं.

भाऊबीजेला आत्या आली, तिच्याबरोबर तिचा सात वर्षांचा चिरंजीव. संध्याकाळी तो आणि बिल्डिंगमधली पोरं गाडीत बसून ड्रायव्हर-कंडक्टर खेळली. मागचं दार उघडं असताना त्याच्या कडेला एक छोटी खुंटी दिसते, ती खाली-वर होते. त्याने केली. मग दार लावलं. ती खुंटी म्हणजे चाइल्ड लॉक. आता आतलं हँडल ओढलं तर दार उघडेना, आणि बाहेरचं हँडल आधीच तुटलेलं. दार दोन्हीकडून बंद! वेळ संध्याकाळचे सात. गॅरेज सोमवारपर्यंत बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आजीचा नंबर. डायलिसिसला दिवाळीची सुट्टी नसते.

बाबा म्हणाले, "रिक्षाने जाऊ." आजी काही बोलली नाही. डायलिसिसनंतर तिला गरगरतं, आणि रिक्षाच्या एका खड्ड्यातल्या उडीने ती दोन दिवस झोपून राहते. हे तिघांनाही माहीत होतं. मी हँडलची पिशवी उचलली आणि खाली पार्किंगमध्ये गेले.

आजोबा फिटर होते. त्यांची हत्यारांची पेटी माळ्यावर होती, ती बाबांनी काढून दिली. आजी शाल गुंडाळून खुर्ची टाकून बसली आणि पेटी मांडीवर घेतली. हे वर्णन करण्यासारखं आहे. मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठी बोललं की पाच रुपये दंड व्हायचा, त्यामुळे माझ्या तोंडात स्पॅनर, प्लायर, फाइल. आजी सातवी शिकलेली, पण चाळीस वर्षं फिटरच्या घरात काढलेली. मी "टेन एमएमचा स्पॅनर" म्हणाले की ती न बघता दहाचा पाना काढून द्यायची आणि वर "पाना म्हण" म्हणायची. पक्कड, पेचकस, कानस. वर्कशॉपच्या तासाला आमचे सर हेच शब्द वापरतात, पण ओरलला ते चालत नाहीत, ही एक गंमतच आहे.

दार उघडं असलं तर काम अर्ध्या तासाचं. बंद दाराचं पॅड काढणं ही वेगळी कसरत. मागच्या सीटवर कुशीवर पडून, पाय उजव्या दाराबाहेर आणि तोंडात टॉर्च. प्रथम काच खाली-वर करायचं हँडल. त्याला बाहेरून स्क्रू दिसत नाही. आत घोड्याच्या नालेसारखी एक तारेची क्लिप असते. हँडलच्या मागे कापडाची चिंधी घालायची आणि बूट पुसल्यासारखी इकडून तिकडे ओढायची, क्लिप टणकन निघते. निघते म्हणजे उडते, म्हणून वर दुसरा हात ठेवा. मग आतल्या हँडलची चौकट आणि आर्मरेस्टचे स्क्रू. पॅड म्हणजे रेक्झिन लावलेला पातळ बोर्ड, कडेने प्लास्टिकच्या गुंड्यांनी पत्र्यात दाबून बसवलेला. पेचकसने उचकटलं तर बोर्ड फाटतो. आजीने वरून आईचा लाकडी कालथा मागवला. मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या इतिहासात कालथ्याची नोंद व्हायला हवी. गुंडीच्या जवळ सरकवायचा, पिळायचा, टप्. पुन्हा टप्. दार बंद असल्यामुळे पॅडची मागची कड पूर्ण सुटत नव्हती, तेवढा बोर्ड वाकवून धरायचं काम बाबांकडे. बँकेत नोकरी करणारा माणूस पण छान धरला.

पॅडच्या मागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. तो बऱ्याच जणांना पॅकिंग वाटतो आणि ते फाडून टाकतात. कृपया टाकू नका. पावसाचं पाणी काचेच्या फटीतून दाराच्या आत जातच असतं, जायचंच असतं, आणि दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. तो कागद नसेल तर तेच पाणी पॅड भिजवून तुमच्या पायाशी येतं.

कागद सोलला आणि आत हात घातला. (पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, पत्र्याच्या कडा पातीसारख्या असतात.) आता आतली रचना. आपण हँडल ओढतो तेव्हा आपण दार उघडत नसतो. हँडलच्या मागे एक जीभ असते, ती एका बारीक दांडीला हलवते, दांडी लॉकमधल्या खटक्याला हलवते. लॉकमध्ये एक फिरता आकडा, तो गाडीच्या खांबावरच्या खिट्टीला मिठी मारतो, आणि खटका त्या आकड्याला सुटू देत नाही. रॅचेट आणि पॉल. सेकंड इयरला पाच मार्कांना येतं. चाइल्ड लॉक फक्त आतल्या हँडलचा खटक्याशी असलेला संबंध तोडतं, बाहेरचा नाही. म्हणजे ती बाहेरची दांडी मला सापडली तर दार उघडणार.

दांडी सापडली. मोकळी लोंबकळत होती, कारण जीभ तुटलेली. बोटाने दाबली. काही नाही. अंगठ्याने दाबली. काही नाही. शेवटी पेचकस खटक्यावर टेकवून तळव्याने ढकलला आणि खट्ट! दार उघडलं. पावणेदहा वाजले होते. आजीने टाळ्या वाजवल्या, बाबांनी पहिल्यांदा ती खुंटी वर केली.

इथे बाबा म्हणाले, "आता हँडल बसव आणि चल वर, जेवायचंय." दोन नट, दहाचा पाना, दहा मिनिटं. पण मला तो खटका सोडवेना. एवढा जोर का लागला? बोटाने हलायला हवा होता. मी तुटलेलं हँडल टॉर्चखाली धरलं. तुटलेल्या जागेचा तीन-चतुर्थांश भाग काळपट आणि धूळ बसलेला, आणि उरलेली एक पट्टी पांढरी, स्वच्छ. म्हणजे ते दसऱ्याला तुटलं नव्हतंच. दसऱ्याला फक्त शेवटची पट्टी तुटली. चीर त्याआधी कितीतरी महिने पडलेली होती आणि प्रत्येक ओढीबरोबर थोडीथोडी पुढे जात होती. फटीग फेल्युअर. चिरेची सुरुवातही बरोबर तिथे, जिथे जीभ मुळापाशी काटकोनात वळते आणि कोपऱ्याला गोलाई नाही. मटेरियल्सच्या पुस्तकात असा फोटो असतो, आणि मी तो दोनदा बघून पान उलटलेलं आहे.

नवीन हँडल तसंच चढवलं असतं तर तेही असंच गेलं असतं, कारण जोर मागणारं लॉक तेच राहिलं असतं. म्हणून मी लॉकच काढायला घेतलं. दाराच्या कडेचे तीन स्क्रू. लॉकमधलं वीस वर्षांचं ग्रीस धूळ खाऊन मेणासारखं झालेलं. प्रवासाच्या बॅगा तोलायचा आकड्याचा छोटा काटा घरात होता, तो खटक्याच्या दांडीला अडकवून ओढला. सुटायला साडेसात किलो. मग लॉक डिझेलमध्ये बुडवून जुन्या टूथब्रशने घासलं, पुसलं, ताजं ग्रीस लावलं, आकडा पन्नासएक वेळा उघडबंद केला. पुन्हा काटा लावला. सव्वादोन किलो. हा आकडा मी आजीला वाचून दाखवला. ती म्हणाली, "म्हणजे तुझे बाबा रोज त्याला साडेसात किलोने ओढत होते?" बाबा गप्प!

बसवताना दोन गोष्टी. दांडी हँडलला जोडताना किंचित ढिलाई ठेवायची. ताणून बसवली तर खटका पूर्ण बसत नाही आणि दार धक्क्याने सुटू शकतं. आणि नट प्लास्टिकमध्ये आहेत हे लक्षात ठेवून आवळायचे, दोन बोटांनी, मनगटाने नाही. यानंतरची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. दार लगेच लावून बघायचं नाही! दार उघडं ठेवूनच पेचकसने लॉकचा आकडा दोन टप्पे आत फिरवायचा, म्हणजे लॉकला वाटतं दार लागलं. मग बाहेरचं हँडल ओढायचं. आकडा सुटला पाहिजे. मग आतलं. सुटला पाहिजे. असं दहा वेळा. नाहीतर दार लागतं, उघडत नाही, आणि तुम्ही पुन्हा तोंडात टॉर्च धरून सीटवर आडवे. मी दहा वेळा केलं, आजी मोजत होती. अकराव्यांदा तिने स्वतः उठून हँडल ओढलं. उजव्या हाताने, दोन बोटांनी.

तळाची पाण्याची भोकं झाडूच्या काडीने मोकळी केली, कागद चिकटवला, पॅड ठोकलं. प्लास्टिकच्या तीन गुंड्या मोडल्या होत्या, त्या मेडिकलमध्ये मिळणाऱ्या औषधासारख्या सुट्या मिळतात, नंतर आणल्या. जेवायला साडेअकरा झाले. आजीचं पाणी मोजून असतं, त्यातला अर्धा कप चहा तिने त्या रात्री सोबत म्हणून घेतला.

सकाळी पावणेसातला गाडी हॉस्पिटलच्या रॅम्पपाशी, डावी बाजू फुटपाथला. तिथल्या मावशींनी बाहेरून हँडल ओढलं आणि दार उघडलं. त्यांना त्यात काहीच विशेष वाटलं नाही. आजी उतरताना त्यांना म्हणाली, "सव्वादोन किलो." मावशींना वाटलं वजन सांगतेय. डायलिसिसआधी वजन घेतातच, त्या म्हणाल्या, "आत गेल्यावर करू हं आजी."

सुट्टी संपायच्या आत मी उरलेल्या तीन दारांची लॉकंही धुऊन घेतली. ड्रायव्हरच्या दाराचं सर्वांत वाईट निघालं, नऊ किलोच्या वर. तिथल्या हँडलच्या जिभेवर, त्याच काटकोनी कोपऱ्यात, केसाएवढी चीर आहे. नाना पेठेतल्या काकांना फोन करून सांगून ठेवलंय, या वेळी ड्रायव्हर साइड, पुढचं.

जुनं हँडल मी इकडे घेऊन आलेय. वर्कशॉपमध्ये सरांच्या टेबलावर ठेवलंय, ज्यांना तुटलेली जागा भिंगाखाली बघायची असेल त्यांनी जाऊन बघावी. बघून झाल्यावर कृपया परत जागेवर ठेवा, आजीने ते परत मागितलंय.