माथा कुठे टेकायचा

पंढरपूरपासून मंगळवेढा साधारण 25 किलोमीटर. पंढरीला येणाऱ्यांतले फार थोडे पुढे तिथवर जातात. देव आणि सत्ता यांचा विचार मनात आला, की मला मात्र हेच गाव आठवतं. काळ्या कसदार रानाचं, ज्वारीचं गाव. इथल्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. दामाजी, कान्होपात्रा आणि चोखामेळा ही तीन नावं या एका गावाशी जोडलेली आहेत. तिघंही विठोबाची माणसं, आणि तिघांचीही गाठ सत्तेशी पडली.

दामाजीपंत बिदरच्या बादशहाचे अंमलदार. दुष्काळ पडला, माणसं अन्नावाचून तडफडू लागली आणि सरकारी कोठाराच्या किल्ल्या यांच्या हाती. हुकमाशिवाय दाणा वाटणं म्हणजे गर्दन पुढे करणं. दामाजींनी कोठारं उघडली. मग विठोबा विठू महाराचं रूप घेऊन बिदरला गेला आणि धान्याचे पैसे भरून आला, अशी कथा आहे. कीर्तनात हाच भाग रंगतो. मला त्याच्या आधीची रात्र मोठी वाटते. आपले पैसे भरायला कुणी जाणार आहे हे त्या माणसाला कुठे ठाऊक होतं? देवावर भरवसा होता, म्हणून बादशहाचं भय उरलं नाही आणि भय उरलं नाही म्हणून कुलूप निघालं. देवावर विसंबणारा माणूस हातावर हात ठेवून बसतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी या कोठाराकडे बघावं.

कान्होपात्रा नायकिणीची मुलगी. तिच्या रूपाची कीर्ती बिदरपर्यंत गेली आणि बादशहाचं बोलावणं आलं. तिच्या बाजूने उभं राहायला ना कूळ, ना पैसा, ना कुणी वजनदार माणूस. तिने पंढरीला येऊन विठोबाच्या पायी देह ठेवला, असं परंपरा सांगते. देवळाच्या दक्षिण दरवाजाजवळचं तरटीचं झाड तिची खूण म्हणून दाखवतात. राजाला ‘नाही’ म्हणायचं तर राजापेक्षा मोठं कुणीतरी पाठीशी लागतं. तिला ते विटेवर सापडलं.

चोखोबांपाशी आलं की मात्र माझी गाडी अडते. मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून ते 1338 साली गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या, पण समाधी झाली ती महाद्वारासमोर, बाहेरच. चोखोबांइतका भरवसा विठोबावर कुणी ठेवला असेल? तरी दार उघडलं नाही, कारण ते माणसांनी लावलेलं होतं. ते उघडायला 1947 साल उजाडावं लागलं. 1 मेपासून 10 मेपर्यंत साने गुरुजींनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केलं, तेव्हा अस्पृश्यांना विठोबाच्या पायांपर्यंत जाण्याची वाट मोकळी झाली. गुरुजी श्रद्धावान होते, पण ‘देवाच्या मनात येईल तेव्हा उघडेल’ असं म्हणून थांबले नाहीत. आणि दार इतकी शतकं बंद राहिलं म्हणून ज्यांनी 1956 साली ती वाटच सोडून बौद्ध धम्म स्वीकारला, त्यांना श्रद्धेचा उपदेश करण्याचा अधिकार माझ्यासारख्याला नाही.

बाबासाहेब आंबेडकरांनी 1948 साली ‘द अनटचेबल्स’ हे पुस्तक अर्पण केलं ते नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीला. पुढच्याच वर्षी, 25 नोव्हेंबर 1949 रोजी, त्यांनी संविधान सभेत इशारा दिला : धर्मात भक्ती मुक्तीकडे नेत असेल, राजकारणात मात्र ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. भक्तांना देवळाबाहेर ठेवणारा समाज ज्याने भोगला होता, त्याचे हे शब्द आहेत. भक्तीची किंमत त्यांना कळत होती, म्हणूनच ती चुकीच्या पायांवर वाहिली तर काय होईल, हेही दिसत होतं.

आपण नेमकी तीच चूक करतो. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला फलकावर दूध ओततो, त्याची तसबीर देवाशेजारी लावतो, त्याने पक्ष बदलला की आपणही रातोरात झेंडा बदलतो. विठोबाशी आपली परंपरा भांडत आली आहे. जनाबाईंनी त्याला शिव्या घातल्या, नामदेव त्याच्यावर रुसले, आपणही नवस बोलताना घासाघीस करतो. देवाला जाब विचारायची ज्यांना सवय आहे, त्यांना आमदाराला गावच्या रस्त्याबद्दल विचारताना कापरं का भरावं?

आषाढीच्या पहाटे मुख्यमंत्री पंढरपूरला महापूजा करतात. शेजारी दर्शनाच्या रांगेतून निवडलेलं वारकरी जोडपं असतं. राज्याचा प्रमुख आणि रांगेतला शेतकरी एकाच विटेपुढे वाकतात, हे मला त्या सोहळ्यातलं सगळ्यात खरं वाटतं. 2018 साली मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे मुख्यमंत्री पूजेला आले नाहीत. आषाढी व्हायची तशी झाली. खुर्चीवरचं नाव बदलत राहतं. पंढरीची वाट त्या नावासाठी अडत नाही.

याचा अर्थ पुढारी नकोत असा नाही. मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडच्या गावांचं पाणी कित्येक निवडणुकांत गाजलं. ते पाणी विठोबा पंप लावून आणणार नाही. ते काम निवडून दिलेल्यांचं आहे आणि त्यांच्याकडून ते करून घेणं आपलं. पुढारी आपल्यासारखाच माणूस आहे. तो दमतो, घाबरतो, हरतो, मोहात पडतो. त्याच्यावर देवपण लादलं की त्याचं काम बिघडतं आणि आपलं डोकं गहाण पडतं. देवावर पूर्ण भरवसा ठेवण्याचा एक मोठा फायदा आहे : मग आंधळा भरवसा दुसऱ्या कुणावर ठेवायची गरज उरत नाही.

म्हणून मतं मागायला कुणी दारात आलं, तर त्याला पाणी विचारा, बसायला सतरंजी टाका, माणूस म्हणून मान द्या. मग गेल्या पाच वर्षांचा हिशेब मागा. माथा टेकायला पंढरी आहे.