एक ताट जादाचं

२०१० च्या डिसेंबरात लंडनला बर्फ पडला आणि १८ तारखेला हिथ्रो विमानतळ जवळपास ठप्प झाला. माझं विमान २० तारखेचं होतं. ते रद्द झालं आणि पुढची जागा मिळाली ती थेट २८ ची. मुंबईहून अकोल्यापर्यंतचं अंबा एक्स्प्रेसचं तिकीटही वाया गेलं. अकोल्याला फोन करून सांगितलं, तेव्हा आई जरा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "जाऊ दे वं माय, जीवानं ठीक आहे ना तू? पण सणाच्या दिवशी एकटी नको जेवू."

आमच्या घरी नाताळ कधी झालेला नाही. पण सण कोणाचाही असो, त्या दिवशी माणसानं एकटं बसून जेवू नये, असं आईचं पक्कं मत आहे.

मी तेव्हा ईलिंगमध्ये एका घराच्या माडीवर भाड्यानं राहत होते. एका वर्षाच्या अभ्यासक्रमासाठी गेले होते. खाली घरमालकांचं कुटुंब, ते पोलिश. त्यांचा जन्म इंग्लंडातलाच. त्यांची बायको क्राकूफची. २००४ मध्ये पोलंड युरोपीय संघात गेला, त्यानंतर ती इकडे आली. दोन मुलं. आमचा संबंध भाड्यापुरता आणि जिन्यातल्या हसण्यापुरता. २३ तारखेच्या रात्री ती वर आली. हात कोपरापर्यंत पिठानं माखलेले. म्हणाली, "उद्या चार वाजता खाली ये. पहिली चांदणी दिसली की बसायचं."

मी आढेवेढे घेतले. घरचा सण, घरची माणसं, मी मध्ये कशाला? त्यावर ती सहज म्हणाली, "तुझ्यासाठी वेगळं काही करायचं नाहीये. आम्ही दरवर्षी एक ताट जादाचं मांडतो. वाट चुकून कोणी दारात आलं तर असावं म्हणून. दरवर्षी ते रिकामंच राहतं."

आमच्या वऱ्हाडात पाहुणचार म्हणजे आग्रह. 'घ्या, घ्या' म्हणत पाहुण्याच्या ताटात पोळी टाकली नाही, तर यजमानाला चैन पडत नाही. त्या आग्रहातच मी वाढले आणि तो मला फार प्रिय आहे. पण हे काही वेगळंच होतं. इथे माझी जागा मी यायच्या आधीच मांडून ठेवलेली होती. कोण येणार हे ठाऊक नसताना मांडलेली.

रिकाम्या हातानं कसं जायचं? सकाळीच २०७ नंबरच्या बसनं साउथॉलला गेले, तीळ आणि गूळ आणला आणि माझ्या त्या एवढ्याशा शेगडीवर तिळाच्या वड्या थापल्या. संक्रांत तीन आठवड्यांवर होती, पण मला नीट जमतं ते तेवढंच.

चारच्या सुमारास अंधार पडला. दोन्ही मुलं खिडकीच्या काचेला नाक लावून उभी होती. पहिली चांदणी दिसेपर्यंत कोणी घास घ्यायचा नाही, सकाळपासून जवळपास उपासच. आभाळ मात्र गच्च भरलेलं. शेवटी धाकटा ओरडला, "दिसली!" ते हिथ्रोकडे उतरणारं विमान होतं. सगळ्यांनी ती चांदणी मान्य केली.

विगिलिया म्हणतात या २४ डिसेंबरच्या जेवणाला. टेबलावर पांढरंशुभ्र कापड आणि त्याखाली मूठभर वाळलेलं गवत पसरलेलं. येशूचा जन्म गोठ्यात झाला, त्याची ही आठवण. ताट ठेवताना कापडाखाली ते गवत चुरचुरलं आणि दर्यापूरच्या मामांच्या वाड्यातल्या कडब्याचा वास नाकात भरला. मोठ्या मुलीनं मला हळूच सांगितलं की आज मध्यरात्री जनावरं माणसासारखी बोलतात. मी तिला आमच्या पोळ्याबद्दल सांगितलं. बैलाची खांदशेकणी करून त्याला जेवायचं आवतण द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी सजवून, ओवाळून पुरणपोळी खाऊ घालायची. तिला ते एकदम पटलं. बोलावल्याशिवाय बैल तरी कसा येणार, म्हणाली.

मग ओप्वातेक. कागदाइतकी पातळ, पांढरी, बिनखमिराची कणकेची पापडी, वर येशूजन्माचं चित्र उमटवलेलं. प्रत्येकाच्या हातात एकेक. आपली दुसऱ्यापुढे धरायची, त्यानं तिचा कपटा मोडून घ्यायचा, आपण त्याच्या पापडीचा घ्यायचा आणि समोरासमोर उभं राहून त्याच्यासाठी काय मागायचं ते बोलायचं. वर्षभरात काही लागलं-खुपलं असेल, तर तेही याच वेळी मिटवायचं. मी वड्यांचा डबा उघडला आणि 'तिळगूळ घ्या, गोड बोला' म्हणजे काय ते सांगितलं. समजावून सांगायला मला फार शब्द लागले नाहीत.

घरमालकांची आई, मुलांची बाब्चा म्हणजे आजी, त्या दिवशीच दुसऱ्या गावाहून आली होती. पंचाहत्तरी ओलांडलेली, कानानं जराशी कमी. पापडी मोडताना तिनं विचारलं, इंडियात कुठली? मी म्हटलं, महाराष्ट्र. ती माझ्याकडे बघत राहिली. मग एकेक शब्द वेचून काढल्यासारखी म्हणाली, "दूध. पाणी. केळी. किती पैसे?"

माझ्या हातातली पापडी हातातच राहिली.

१९४० च्या फेब्रुवारीत, ती सहा वर्षांची असताना, सोव्हिएत सैनिकांनी पूर्व पोलंडातून तिच्या कुटुंबाला मालगाडीत घालून सायबेरियाला नेलं. १९४१ मध्ये सुटका झाली. बाप पोलिश फौजेत गेला. आई आणि ती इराणला पोहोचल्या, तिथून कराची आणि १९४३ मध्ये कोल्हापूरजवळच्या वळीवडे इथल्या छावणीत. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला पोलिश मुलांना आसरा दिला, हे पुष्कळांनी ऐकलेलं असतं. पण आपल्या पंचगंगेच्या काठी पाच हजारांच्या आसपास पोलिश माणसं पाच वर्षं राहिली, बहुतेक बायका आणि मुलंच. कौलारू बराकी, शाळा, चर्च, दवाखाना, सगळं गावच वसलं होतं. आणि मला, महाराष्ट्रात जन्मून पदवीपर्यंत शिकलेल्या मुलीला, त्याची काडीची माहिती नव्हती. मला याचं वाईट वाटलं, आजही वाटतं. हे आमच्या शाळेच्या पुस्तकात असायला हवं होतं.

"तिथे चांदणी लगेच दिसायची," बाब्चा म्हणाली. "डिसेंबरात आभाळ इतकं स्वच्छ! सूचिपर्णी झाड नव्हतं, मिळेल ती फांदी आणून सजवायचो. आई दोन ताटं जादाची मांडायची. एक पाहुण्याचं, एक बाबांचं." बाप इटलीच्या लढाईत गेला. त्यानंतरच्या नाताळातही आईनं दोन्ही ताटं मांडली, एवढंच ती बोलली आणि सूप वाढायला उठली.

जेवणात बारा पदार्थ आणि मांस अजिबात नाही. मासा तेवढा चालतो. तो मी बाजूला सारला आणि बाकीचं पोटभर जेवले. बिटाचं लालभडक, आंबटसर सूप, त्यात आळंबी भरलेली कानाच्या आकाराची फळं. पिएरोगी म्हणजे करंजीच, पण पाण्यात उकडलेली, आत कोबी नाहीतर बटाटा. आणि शेवटी अख्खा गहू शिजवून त्यात वाटलेली खसखस, मध आणि सुकामेवा घातलेला गोड पदार्थ. तो पूर्व पोलंडातला, बाब्चाच्या माहेरचा. पहिला चमचा तोंडात गेला आणि आजीच्या हातची गव्हाची खीर आठवून मला रडू आलं. कोणी काही विचारलं नाही. सुनेनं फक्त वाटी पुन्हा भरली. तेवढा एक आग्रह तिथेही झाला.

रात्री सगळे ईलिंगच्या पोलिश चर्चमध्ये गेले, मीही गेले. आत उभं राहायला जागा नव्हती. बाहेर बर्फात उभ्या असलेल्या माणसांनी दारातूनच गाणी धरली होती.

मी ३० तारखेला अकोल्याला पोहोचले. बाब्चानं पाकिटात घालून दिलेली पापडी वाटेत मोडली होती. आईनं ते तुकडे आधी देवापुढे ठेवले, मग आम्हा सगळ्यांना वाटले. "मोडूनच खाची आहे ना, मग काय झालं," म्हणाली.

अकोल्यात सिंधी कॅम्प आहे. लहानपणापासून आमच्यासाठी तो रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता. कॅम्प का म्हणायचं, हे मी कधी कोणाला विचारलंच नाही. बाब्चा 'कॅम्प' म्हणायची तेव्हा प्रत्येक वेळी मला तोच रस्ता डोळ्यांपुढे यायचा. नंतर वाचलं की १९४८ मध्ये वळीवड्याची छावणी रिकामी झाली आणि फाळणीत घरदार सोडून आलेली सिंधी कुटुंबं त्याच बराकींत राहायला आली. आजचं गांधीनगर ते हेच, कापडाच्या घाऊक बाजारासाठी नाव असलेलं. त्यानंतर मी आमच्या कॅम्पातून जाताना दुकानांच्या पाट्या नाही, गल्ल्यावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांचे चेहरे पाहू लागले.

फेब्रुवारीत महाराष्ट्र एक्स्प्रेसनं कोल्हापूरला गेले. ही गाडी बडनेरा, अकोला करत कोल्हापूरला जाते. आमच्याकडचे लोक अंबाबाईच्या दर्शनाला तिनंच जातात आणि मीही लहानपणी गेले होते. कोल्हापूर यायच्या जरा आधी वळीवडे नावाचं छोटं स्टेशन लागतं. या वेळी मी दारात उभी राहून ती पाटी जाताना पाहिली.

महावीर उद्यानातला पोलिश स्तंभ पाहिला, मग गांधीनगरला गेले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकाला फुलं वाहिली, ती बातमी मी पुन्हा पुन्हा पाहिली. पण २०११ मध्ये गांधीनगरच्या गर्दीत पोलिश छावणीचं विचारलं, तर तिघांनी मान हलवली आणि चौथ्यानं एका जुन्या, लांबलचक कौलारू इमारतीकडे बोट दाखवलं. पुढे कापडाचे गठ्ठे उतरत होते. मी फोटो काढले. कोपऱ्यावर एक बाई केळी विकत होती. अर्धा डझन घेतली आणि तिथूनच इंग्लंडला फोन लावला.

बाब्चाला ऐकू नीट जात नव्हतं. मी मोठ्यानं सांगितलं, वळीवड्याला आहे, केळी घेतली.

"किती पैसे?" तिनं मराठीत विचारलं.

"पंधरा रुपये."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग त्या पाच शब्दांपलीकडचा एक शब्द तिला सापडला.

"महाग," ती म्हणाली.