रात्री वळवळणारे पाय

दिवसभर आवणीच्या चिखलात राबलेल्या पायांनी रात्री अंथरुणाला टेकल्यावर मुकाट पडून राहावे की नाही? पण काही जणांचे नेमके उलटे होते. काम चालू असेतो पाय गुणी असतात आणि माणूस आडवा झाला की त्यांच्यात काहीतरी वळवळू लागते. तसे दुखत नाही, सूज नाही, बाहेरून काही दिसत नाही. पोटरीच्या आत, पार हाडाजवळ, कोणी किडा सोडून दिल्यासारखे वाटते. पाय ताणला, झटकला, दुमडला की घटकाभर बरे वाटते. पुन्हा स्थिर ठेवला की पुन्हा सुरू. शेवटी माणूस उठतो आणि अंधारात चालू लागतो.

माझे माहेर मुरबाड तालुक्यात टोकावड्याच्या बाजूला आणि सासर शहापूर तालुक्यात किन्हवलीकडे. दोन्हीकडे मी हे पाहिले आहे. आमच्या माहेरी ‘पाय शिवशिवतात’ म्हणत, सासरी ‘वळवळ’ म्हणतात. माझ्या सासूबाई रात्रीतून दोन-तीनदा उठून पडवीत फेऱ्या घालायच्या. सासऱ्यांना वाटे, गोठ्यात काही शिरले. शेजारपाजारच्या बायका म्हणत, हे बाहेरचे आहे, भगताला दाखवा. सासूबाईंनी आपला उपाय आपणच शोधला होता. जुन्या लुगड्याचे फडके पोटऱ्यांना करकचून बांधायच्या. त्याने जरा बरे वाटते हे खरे, पण रात्रभर पाय असे आवळून झोपणे चांगले नव्हे. सप्ताहात कीर्तनाला त्या कधी पुढे बसल्या नाहीत, मागे खांबाला टेकून उभ्या राहत. म्हातारीला देवाधर्माचे वावडे आहे असे लोक बोलत. वावडे कसले! पाय बसू देत नव्हते.

चाळिशी ओलांडल्यावर तीच वळवळ माझ्या पायांना लागली. डॉक्टरांकडे मी गेले ती मात्र झोप येत नाही म्हणून. त्यांनी झोपेविषयी कमी आणि पायांविषयी जास्त विचारले. पाय हलवावासा वाटतो का? बसल्यावर, पडल्यावर वाढते का? चालल्यावर कमी होते का? आणि दिवसा बरे, संध्याकाळनंतर जास्त, असे आहे का? चारही गोष्टींना मी होय म्हटले. दुखण्याची ओळख मुख्यतः याच प्रश्नांवरून होते. मध्यरात्री पोटरीत गोळा येतो तो निराळा. तिथे स्नायू दगडासारखा कडक होतो. मधुमेहात तळपायाला मुंग्या येतात, जळजळते, पण ती सहसा चालल्याने जात नाही. कामाने ठणकणारे पाय विश्रांतीने निवतात, हे विश्रांतीनेच बिघडतात.

मला विशेष वाटले ते हे, की दुखणे आपल्या खेड्यापुरते नाही. इंग्लंडात थॉमस विलिस नावाच्या डॉक्टरने १६७२ साली असल्या रोग्यांचे वर्णन लिहून ठेवले आहे. पुढे स्वीडनच्या एकबोम या डॉक्टरने १९४५ साली त्याची नीट मांडणी केली आणि ‘अस्वस्थ पाय’ अशा अर्थाचे नाव दिले. काही घराण्यांत ते आईबापांकडून मुलांत उतरते. सासूबाईंना हे कळले असते तर भगताच्या कोंबड्याचे पैसे वाचले असते.

आता मुख्य गोष्ट. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितले. हिमोग्लोबिन साडेनऊ निघाले. बाईचे बारा तरी हवे. शरीरात लोह कमी पडले की मेंदूलाही ते कमी पडते, आणि पायांची ही वळवळ बऱ्याच वेळा तिथून येते. सगळ्यांचीच नव्हे, पण पहिली चौकशी लोहाची करावी. २०१९ ते २१ या काळात झालेल्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी शंभरात चोपन्न जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. मला त्याचे नवल वाटले नाही. आपल्या घरात शेवटी जेवते कोण? कालवण संपले की भाकरीबरोबर कोरा चहा कोण घेते? जेवणाबरोबरचा चहा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. शिवाय अनवाणी चालण्याने मातीतले आकडेकृमी तळव्यातून शिरतात आणि आतड्यात बसून रक्त पितात. म्हणून जंताची गोळीही डॉक्टरांना विचारून घ्यावी लागते.

कधी हिमोग्लोबिन ठीक असते आणि साठ्यातले लोह मात्र आटलेले असते. त्यासाठी फेरिटिन नावाची वेगळी तपासणी आहे. या दुखण्यात तो आकडा पंचाहत्तर किंवा त्याखाली असेल तर डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात. त्यांना न विचारता आपल्या मनाने महिनोन्‌महिने गोळ्या घेऊ नयेत, कारण जास्त लोहही बाधते. गोळी चहाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर चांगली. शौचाला काळे होते, त्याला घाबरू नये. आणि ती लाल गोळी पोरांच्या हाती लागू देऊ नये. त्यांना ती विष ठरू शकते. जेवणात शेवग्याचा पाला, सुकट, वाटाणे-हरभरे आणि वर लिंबाची फोड असावी. हळिवाचा लाडू काय बाळंतिणीनेच खावा असे थोडेच आहे?

तीन महिन्यांत माझी वळवळ रोजची होती ती आठवड्यातून एखाद्या रात्रीवर आली. उरली तिच्याशी जमवून घेते. दुपारनंतर चहा नाही. मिश्री सोडली, हे सगळ्यांत जड गेले. तंबाखूने ही वळवळ काही जणांत वाढते. झोपण्याआधी कोमट पाण्यात पाय बुडवते, पोटऱ्या चोळते. मुलगा आसनगावहून लोकलने कामाला जातो, त्यालाही थोडे आहे. तो येताना जागा मिळाली तरी अधूनमधून उभा राहतो. मन कामात गुंतले की वळवळ मागे पडते, म्हणून संध्याकाळी मी वाल सोलायला बसते. बिरड्याची सोय होते ती वेगळी. सर्दीवरच्या झोप आणणाऱ्या काही गोळ्या आणि उलटीवरच्या काही गोळ्या यांनी हे वाढते, तेव्हा डॉक्टरांना आपले दुखणे आधी सांगावे. चालू असलेले औषध मात्र त्यांना न विचारता बंद करू नये.

एकाच पायाला सूज आली, पाय बधिर झाला, किंवा मूत्रपिंडाचा विकार असून पाय वळवळत असतील तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. झोप रोजच मोडत असेल तर त्यावर औषधे आहेत, ती डॉक्टरांनीच द्यायची.

पोटुशी बाईला शेवटच्या तीन महिन्यांत हे हमखास विचारावे. माझ्या भाचीला तसेच झाले. रात्री ती मुरबाडच्या घरात अंगणभर फिरायची. सासू म्हणाली, हिला माहेरची ओढ लागली आहे. मी म्हटले, ओढ असेल, पण आधी रक्त तपासा. उपकेंद्रातल्या सिस्टरांनी गोळ्या दिल्या, बाळंतपणानंतरही सहा महिने घ्यायला बजावले. तिचा नवरा गडी मोठा समजूतदार. तो रोज रात्री तिच्या पोटऱ्या चेपून द्यायचा, आणि आईदेखत. बाळ झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत तिचे पाय निवांत झाले. आता रात्रीची उठते ती बाळासाठी.