लाइट बंद, प्लीज!

दुबईच्या झगमगाटात आठशे फोटो काढून आलेल्या कॅमेऱ्याला आंजर्ल्याच्या काळोखात शिस्त लागली, त्याची ही गोष्ट.

ऑफिसमधल्या माझ्या डेस्कवर एक फोटो लावलेला आहे. बुर्ज खलिफा, रात्रीचा. ८२८ मीटर उंचीचा नुसता लखलखाट! दुबईला गेलो होतो तेव्हा आम्ही चौघांनी गाडी भाड्याने घेतली, शेख झायेद रोड पालथा घातला, वाळवंटात जाऊन सूर्यास्त पाहिला आणि पाच दिवसांत मी आठशेच्या वर फोटो काढले. परत आल्यावर टीममधल्या एकाने त्याचे दुबईचे फोटो दाखवले. तोच बुर्ज, तोच कोन, तेच नाचणारं कारंजं. त्याचा फोटो कुठला आणि माझा कुठला, हे मलाच सांगता येईना. म्हटलं, बॉस, काहीतरी चुकतंय.

मी काही प्रोफेशनल नाही. सोमवार ते शुक्रवार एक्सेल आणि शनिवार-रविवार कॅमेरा, असला आपला मामला. पण हौस म्हटली तरी कुणाकडेच नसलेला एक तरी फोटो आपल्याकडे असावा, असं वाटतंच ना? म्हणून या मार्चमध्ये ठरवलं, आंजर्ल्याला जायचं. अंड्यातून निघून समुद्राकडे धावणाऱ्या कासवाच्या पिल्लाचा क्लोजअप, डोळ्यात मावळतीची चमक... फ्रेम डोक्यात तयार होती. फक्त पिल्लाने येऊन उभं राहायचं बाकी होतं!

शुक्रवारी हाफ डे टाकला, एका मित्राला पटवलं आणि पुणं सोडलं. ताम्हिणी घाटात पळस पेटलेला होता. माणगाव, महाड, पोलादपूर, कशेडी करत भरणे नाक्याला हायवे सोडला आणि दापोलीचा रस्ता धरला. फुरूस, वाकवली मागे पडली की हवा बदलते. काचा खाली केल्या की काजूच्या मोहोराचा वास आत येतो, एसी लावावासाच वाटत नाही. दापोलीत चहा झाला. पुढे आसूदचा उतार, बागांमधून वळत जाणारा रस्ता आणि मग एकदम समोर हर्णैचा समुद्र.

हर्णैला थांबला नाहीत तर पाप लागेल! संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव चालतो. सुरमई, पापलेट, कोळंबीच्या टोपल्या, भोवती गराडा आणि बोली इतक्या वेगात की शेअर बाजारवाल्यांनी शिकवणी लावावी. मागे पाण्यात सुवर्णदुर्ग. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांतला हा एक. मी तिथे दीडशे फोटो उडवले. एका मावशींनी टोपली डोक्यावर घेता घेता विचारलं, “फोटो काढून घेतलास, मासा कोण घेणार?” मित्राने हसत हसत सुरमई घेतली. आमचं घरगुती लॉजिंग शाकाहारी आहे, हे त्याला पुढच्या वळणावर आठवलं. वाटेत एका खानावळीवाल्यांना गाठून ती तळून घ्यावी लागली.

हर्णैहून पाजपंढरी ओलांडलं की जोग नदीची खाडी लागते. पलीकडे आंजर्ले. आता पुलावरून गाडी दोन मिनिटांत जाते. पूल होण्याआधी मात्र होडीतून खाडी ओलांडावी लागायची. गाव नारळी-पोफळीच्या गर्दीत लपलेलं आहे, असं जुन्या वर्णनांत असतं. आज ही गर्दी काही ठिकाणी विरळ दिसते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावरच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. आमच्या काकूंच्या आगरातही तेव्हा पोफळी काडीसारख्या मोडल्या होत्या. नव्या लावल्या, पण पोफळ धरायला पाच-सात वर्षं जातात. “तेवढी वर्षं घर कशावर चालवायचं? खोल्या होत्या म्हणून निभावलं हो,” काकू म्हणाल्या. खोल्यांना गिऱ्हाईक कशामुळे? बरंचसं कासवांमुळे!

या कासवांची गोष्ट थोडक्यात सांगतो. ऑलिव्ह रिडले जातीची मादी साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्रीच्या काळोखात किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि निघून जाते. मागे वळून बघत नाही. पूर्वी ही अंडी कोल्ह्या-कुत्र्यांच्या तोंडी जायची, नाहीतर माणसांच्या. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने शेजारच्या मंडणगड तालुक्यातल्या वेळासला गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. तिथून हे काम किनाऱ्यावरच्या गावागावांत पसरलं. आंजर्ल्यातही भल्या पहाटे कासवमित्र किनारा चालतात, मादीच्या पावलांचा माग काढत घरटं शोधतात, अंडी अलगद उचलून जाळीच्या कुंपणातल्या हॅचरीत पुरतात. प्रत्येक घरट्यावर पाटी असते, तारीख आणि अंड्यांची संख्या लिहिलेली. पन्नासेक दिवसांनी वाळू हलते आणि पिल्लं वर येतात.

शनिवारी संध्याकाळी आम्ही किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा चाळीसेक माणसं जमली होती. दोऱ्या बांधून पिल्लांसाठी समुद्रापर्यंत वाट मोकळी ठेवलेली. सूचना झाल्या. दोरीच्या आत यायचं नाही, पिल्लांना हात लावायचा नाही, टॉर्च नाही, फ्लॅश नाही. मी लगेच फ्लॅश बंद केला. आपण जबाबदार पर्यटक! दोरीला लागून वाळूत पालथा पडलो, कोपरं रोवली आणि लेन्स जमिनीलगत धरली.

टोपलीतून अकरा पिल्लं वाळूवर सोडली. तळहाताच्या निम्म्याएवढी, काळपट. थोडा वेळ नुसती पडून होती. मग एकाने वल्ह्यासारखे हात हलवले, आणि सुटली सगळी! सूर्य बुडाला होता, प्रकाश झरझर कमी होत होता. कॅमेऱ्याला फोकस सापडेना. लेन्स पुढे-मागे घरघरत होती. एक पिल्लू बरोबर माझ्या फ्रेममध्ये आलं. मी बटण अर्धं दाबलं आणि कॅमेऱ्याच्या अंगावरचा तो छोटा नारिंगी दिवा लागला.

तुमच्या कॅमेऱ्यालाही असेल. अंधारात फोकस करायला मदत म्हणून तो आपोआप लागतो. फ्लॅश बंद केला तरी त्याचं स्वतःचं चालूच असतं. मी कितीतरी वर्षं तो दिवा बघत होतो, पण दिवा म्हणून कधी मोजलाच नव्हता.

पिल्लू थांबलं. मान वळवली. आणि समुद्राकडे पाठ करून माझ्याकडे चालायला लागलं.

व्ह्यूफाइंडरमध्ये ते मोठं मोठं होत गेलं. खोटं कशाला बोलू, पहिल्या क्षणी मला आनंद झाला. हाच तर फोटो हवा होता! मी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा दिवा. तेवढ्यात खांद्यावर हात पडला.

“दादा, दिवा बंद. त्याला समुद्र वाटतोय तो.”

आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला. मी मेन्यूत शिरलो. ऑटोफोकस, कस्टम सेटिंग, पुढचं पान, मागचं पान... सापडेना. शेवटी अंगठा दिव्यावर दाबून धरला आणि तसाच पडून राहिलो. कासवमित्राने मध्ये बसून माझी बाजू आपल्या अंगाने झाकली. पिल्लू गोंधळलं होतं. थोडं डावीकडे गेलं, थांबलं, पुन्हा निघालं. बाकीची दहा तोवर पाण्यात गेली होती. शेवटी एक लाट आली आणि यालाही घेऊन गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाळूतच पडून होतो.

रात्री हॅचरीच्या कुंपणाशी त्या कासवमित्रांना गाठलं आणि सॉरी म्हणालो. ते हसले. मग सांगितलं, ते डोक्यात पक्कं बसलं. पिल्लं एरवी रात्री, वाळू गार झाली की बाहेर पडतात. त्यांना कुणी रस्ता दाखवत नाही. मोकळ्या किनाऱ्यावर रात्री जमिनीची बाजू काळी असते, सुरूच्या झाडांची, टेकडीची. समुद्राकडचं क्षितिज तेवढं उजळ. उजेडाकडे चाल, एवढंच त्यांना जन्मतः ठाऊक असतं. अंड्यातल्या बलकाची थोडी शिदोरी पोटात असते, तिच्यावर पहिले एक-दोन दिवस न थांबता पोहून खोल पाणी गाठायचं असतं. चुकीच्या दिशेने टाकलेलं प्रत्येक पाऊल त्या शिदोरीतून जातं. त्यातून जगून मोठं होतं हजारातलं एखादं.

“म्हणजे आम्ही फोटोवाल्यांनी येऊच नये?” मी विचारलं.

“असं कसं? फोटो बघूनच तर तुम्ही आलात. तुम्ही आलात म्हणून घराघरांत चार पैसे आले, म्हणून अंड्याला कुणी हात लावत नाही. फोटो काढा हो! तुमचा दिवा काय, दोन मिनिटांचा. किनाऱ्याला लागून हॉटेलं होतात, रात्रभर फोकस जळतात, त्यांच्यावर अंगठा कोण ठेवणार?”

मी मागे वळून पाहिलं. किनाऱ्यालगत एका ठिकाणी पांढरेफटक दिवे पेटलेले होते, वाळूपर्यंत उजेड सांडलेला. पलीकडे आमच्या काकूंच्या घरावर मिणमिणता बल्बसुद्धा नव्हता. काकू कासवांच्या दिवसांत समुद्राकडचा दिवा लावतच नाहीत. आदल्या रात्री मी पायरीवर ठेचकाळलो तेव्हा याच अंधाराला नावं ठेवली होती.

रविवारी भल्या सकाळी पुन्हा गेलो. आज दिव्यावर बँडएड चिकटवली होती आणि फोकस हाताने करायचं ठरवलं होतं. सातच पिल्लं निघाली. मी फोटो काढले किती? नऊ. त्यांतले सहा हललेले. पण आधीच्या संध्याकाळी व्ह्यूफाइंडरमधून जे दिसलं नव्हतं ते आज दिसलं. पिल्लू दर चार पावलांनी दम खातं. माणसाच्या पावलाचा खड्डा आडवा आला तर त्यात गडगडतं, मग दोनदा-तीनदा प्रयत्न करून वर चढतं. शेवटच्या टप्प्यात लाट त्याला उलटं पालटं करून पुन्हा वाळूवर फेकते, आणि ते झटकन उठून त्याच दिशेने निघतं.

तिथून कड्यावरच्या गणपतीला गेलो. मंदिराचा जीर्णोद्धार १७६८ ते १७८० च्या दरम्यान झाला, मूर्ती उजव्या सोंडेची. गावात सांगतात, मूळ देऊळ खाली किनाऱ्यावर होतं. समुद्र आत यायला लागला तेव्हा गणपतीने एक पाऊल खडकावर टेकवलं आणि कड्यावर जाऊन बसला. ते पाऊल आजही दाखवतात. वरून सगळा किनारा दिसतो. मला बघायचा होता तो पांढऱ्या दिव्यांचा कोपरा. दिवसा तिथे काहीच नव्हतं, नुसता एक साधा कंपाउंड. त्रास होतो तो रात्री.

याच किनाऱ्यावर २०२२ च्या जानेवारीत एका मादीच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवला होता. तिचं नाव ठेवलं सावनी. ओडिशात २०२१ मध्ये टॅग लावलेली एक मादी तर २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. अख्ख्या भारताला वळसा घालून! माझ्या दिव्याकडे आलेलं ते पिल्लू जगलं आणि ती मादी असली, तर बारा-पंधरा वर्षांनी तीही अंडी घालायला कुठल्यातरी किनाऱ्यावर येईल. तोवर आंजर्ल्याचा किनारा काळोखा राहिला असेल का?

सोमवारी बुर्जच्या शेजारी नवा फोटो लावला. त्यात कासव नाही. नुसती ओली वाळू, तिच्यावर इवल्या वल्ह्यांच्या दोन समांतर रेघा, आणि मध्येच एका जागी त्या रेघांचं एक वळण. शनिवारी संध्याकाळी, सगळे गेल्यावर, भरतीचं पाणी यायच्या आत काढलेला. टीममधल्या त्या मित्राने बघितला. “हे काय, टायरच्या खुणा? आणि इथे गाडी वळली का?”

म्हटलं, बस, सांगतो.

चला आंजर्ल्याला!

कसं जाल : पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, महाड, खेड, दापोली, हर्णैमार्गे. मुंबईहून मुंबई-गोवा हायवेने खेड, तिथून दापोली. रेल्वेने आलात तर खेड स्टेशनला उतरा. दापोलीहून एसटी मिळते.

कधी जाल : पिल्लांसाठी साधारण मार्च-एप्रिल. निघण्याआधी गावात फोन करून घरट्यांची स्थिती विचारा. पिल्लं आपल्या वीकेंडप्रमाणे बाहेर येत नाहीत, दोन दिवस हाताशी ठेवा.

काय खाल : घरगुती जेवण, सोलकढी, कुळथाचं पिठलं, आणि आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर उकडीचे मोदक. मासे खाणाऱ्यांनी हर्णैला पोट भरून पुढे यावं.

कॅमेऱ्याचं काय : फ्लॅश बंद, फोकसचा मदतीचा दिवा मेन्यूत शोधून घरीच बंद, मागच्या स्क्रीनचा उजेड कमी, मोबाइल खिशात. आणि बॅगेत एक बँडएड.