पोळ्यालाच ये

त्रिमूर्तीनगर, नागपूर
आषाढ अमावस्या

प्रिय मनू,



परवा फोनवर धड बोलता आलं नाही, दारात भाजीवाला उभा होता. म्हणून आता निवांत लिहिते. वर्षातून एकदाच चार दिवस सुट्टी काढता येते, तर ओजसला घेऊन दिवाळीत येऊ की नाताळच्या सुट्टीत, असं तू विचारलंस. मला विचारशील तर दोन्ही वेळा नको. पोळ्याला ये.

पोळ्याला पुण्यात शाळा सुरू असते, हे मला ठाऊक आहे. दोन दिवस बुडली तर बुडू दे. दुसरीतल्या पोराचं काही वाहून जात नाही.

डिसेंबरचं आधी सांगून टाकते. थंडी छान असते, आंबिया बहाराची संत्री बाजारात असतात आणि कॉटन मार्केटला ढीग लागलेले असतात, हे सगळं खरं. पण त्याच दिवसांत विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन. सगळं सरकार इकडे, त्यांच्यामागे मोर्चे, आणि सीताबर्डीच्या बाजूचे रस्ते कधी बंद होतील याचा नेम नाही. सदरच्या चर्चवरची रोषणाई बघण्यासारखी असते, पण त्यासाठी एवढा प्रवास कशाला?

दिवाळीबद्दल मी बोलले की तुझी आई चिडते, तरी बोलते. दिवाळी आता तुमच्याकडे तशीच आमच्याकडे. तोच आकाशकंदील, तोच विकतचा फराळ, तीच पहाटेची गाण्यांची मैफल. शिवाय दिवाळीत घर आतल्या आत भरतं. आपली माणसं आली, आपणच खाल्लं, आपणच फटाके उडवले. दुसऱ्याच्या घरी डबा जातो, पण हल्ली तोही लिफ्टमध्ये भेटून दिला-घेतला जातो. ओजसला नागपूर दाखवायचं असेल तर जो सण दारोदार फिरतो तो दाखवावा, असं माझं मत आहे.

तान्हा पोळा तू पाहिला आहेस, पण तेव्हा तू एवढीशी होतीस, म्हणून पुन्हा सांगते. श्रावणातल्या अमावास्येला बैलांचा मोठा पोळा. त्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा, लाकडी बैलांचा. दुसरे रघुजीराजे भोसले यांनी १८०६ मध्ये तो सुरू केला असं सांगतात. शेतकऱ्याच्या पोरांना बैलाची माया लागावी, बैलाचं मोल कळावं, म्हणून. शहरात शेत राहिलं नाही, बैलही राहिले नाहीत, नंदी मात्र राहिला. महालात, इतवारीत, गोकुळपेठेत आठ-पंधरा दिवस आधीच फुटपाथवर नंदी मांडून बसतात. तळहातावर मावेल एवढ्यापासून ओजसच्या कमरेला लागेल एवढ्यापर्यंत. वर्धेकडच्या सिंदी रेल्वेला तर मोठमोठे नंदी चाकांवर ओढत आणतात, ते बघायला लांबून माणसं जातात.

आपल्या महालातल्या घरचा नंदी अजून माझ्याकडे आहे. माळ्यावरून काढून कालच पुसला. सागवानाचा आहे, बुटका, छातीला रुंद. पांढरा रंग जागोजागी उडालाय आणि खालचं लाकूड हात लागून लागून काळं गुळगुळीत झालंय. डाव्या शिंगाचं टोक तुझ्या मामाने मोडलं. चार चाकांपैकी एक कधीतरी बदललेलं, इतर तिघांपेक्षा किंचित मोठं, त्यामुळे ओढला की तो दर फेऱ्याला मान हलवल्यासारखा डुलतो. आम्हा भावंडांना वाटायचं, नंदी मुद्दाम तसा बनवलाय. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी आई त्याला हळद लावायची, जुन्या खणाची झूल घालायची, गळ्यात चाळ बांधायची, आणि औक्षण करून आम्हाला बाहेर काढायची.

मग पुढचा सगळा दिवस बोजारा. नंदी घेऊन ज्या दारात उभं राहाल त्या घरच्या बाईने नंदीला कुंकू लावायचं, तुमच्या हातावर पैसे नाहीतर खाऊ ठेवायचा. त्यालाच बोजारा म्हणतात, हे ओजसला आधीच शिकवून ठेव. पुण्याच्या पोराने इथे येऊन 'गिफ्ट' म्हटलं तर बरं दिसणार नाही! आमच्या वेळी पाच पैसे, दहा पैसे, कोणाकडे करंजी, कोणाकडे नुसताच गुळाचा खडा. ज्या घरी वर्षभर आम्ही पाय ठेवत नव्हतो, बॉल गेला तर जो वकील परत देत नसे, त्याच्याही दारात त्या दिवशी आम्ही ऐटीत उभे राहायचो. त्याला आतून यावंच लागायचं. नंदी दारात आला की नाही म्हणायची सोय नव्हती. आणि तो वकील, खोटं कशाला सांगू, सगळ्यात जास्त पैसे द्यायचा.

हा पोरांचा हक्क होता. तो कोणी लिहून दिलेला नव्हता, पण मोहल्ल्यात सगळ्यांना मान्य होता. धोब्याची पोरं, गल्लीच्या टोकाच्या पानठेल्याची पोरं, सगळी एकाच कळपात असायची. कोणाचा नंदी सागवानी, कोणाचा मातीचा, कोणाचा नुसता पाटीला दोरी बांधलेला. दारातल्या बाईने नंदी बघून बोजारा कमी-जास्त केला तर तिची चर्चा पुढच्या पोळ्यापर्यंत चालायची.

आता आमच्या फ्लॅट स्कीममधलं सांगते, कारण हे पत्र लांबायचं खरं कारण तेच आहे. मागच्या महिन्यात मीटिंग झाली. ठरलं असं की यंदा पोरांनी घरोघर फिरायचं नाही. खाली पार्किंगमध्ये मांडव घालायचा, सगळे नंदी ओळीत लावायचे, सजावटीला पहिला-दुसरा नंबर काढायचा आणि सेक्रेटरींच्या हस्ते सगळ्यांना सारखा बोजारा द्यायचा. पाकिटं आधीच तयार, फ्लॅट नंबरप्रमाणे यादी. सेक्रेटरी माणूस वाईट नाही. त्याचंही म्हणणं ऐकून घेतलं. चौथ्या मजल्यावरच्या दोघी नोकरीवरून दमून येतात, एकाकडे कुत्रा आहे, एक आजोबा एकटे असतात, सारखी बेल वाजली की घाबरतात. सगळं बरोबर. पण यादीत फ्लॅट नंबर आहेत, तर मग वॉचमनच्या पोरीचं काय?

तो बालाघाटकडचा आहे. जिन्याखालच्या खोलीत बायको-पोरीसह राहतो. पोरगी मागच्या वर्षी मातीचा बैल करून घेऊन आली होती, माझ्या दारात उभी राहिली, आणि काही न बोलता बैल पुढे धरला. मी कुंकू लावलं तर ओल्या मातीत माझं बोट रुतलं. तिने ते अंगठ्याने लिंपून टाकलं आणि मग हात पसरला. मीटिंगमध्ये मी तिचं नाव घेतलं तेव्हा लगेच कोणीतरी म्हणालं, "काकू, तिलाही एक पाकीट देऊ ना." झालं! हक्काचं दान झालं. दान घेणाऱ्याला मान खाली घालावी लागते, बोजारा घेणाऱ्याने कधी घातली नव्हती. हा फरक मला तिथे नीट मांडता आला नाही, चहा आला आणि विषय पाण्याच्या टाकीवर गेला.

म्हणून मी ग्रुपवर एवढंच टाकलं: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी चार ते आठ, दुसऱ्या मजल्यावर आमचं दार उघडं आहे, कसलाही नंदी चालेल. सात जणांनी होकाराचा अंगठा टाकला. शेजारच्या बंगाली वहिनींनी विचारलं, नंदीला काय वाहतात? त्यांना कुंकवाचा करंडा नेऊन दिला.

तू म्हणशील, मावशी जुन्याचे गोडवे गाते. तसं नाही गं. सगळेच हक्क मला आवडतात असं समजू नकोस. गणपतीच्या आधी पावतीपुस्तक घेऊन जे पोट्टे येतात, एरवी ज्यांचं तोंड दिसत नाही, आणि आकडा आधीच लिहून आणतात, त्यांना मी सरळ परत पाठवते. रात्री डीजे लावून खिडक्यांची तावदानं हलवतात, त्याला सण म्हणायची माझी तयारी नाही. दारात आलेलं पोर कोणाचं, हे देणाऱ्याला ठाऊक हवं आणि घेणाऱ्यालाही. तेवढं असलं की झालं.

आणि तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी सकाळी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक! ती चुकवू नकोस. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. एक इतवारीतून, एक जगनाथ बुधवारीतून. पिवळी तऱ्हाणे तेली समाजाची. दोघींची भेट नेहरू पुतळ्याजवळ होते आणि तेव्हा तिथे मुंगीला वाट मिळत नाही. काळी मारबत भोसल्यांच्या बाकाबाईच्या इंग्रजधार्जिणेपणाच्या रागातून आली असं जुने लोक सांगतात. पिवळीच्या दर्शनाला मात्र बाया रांगा लावतात. जिला जाळायचं तिचीच आधी पूजा, हे मला लहानपणी कोडं वाटायचं आणि आता अजिबात वाटत नाही. सगळी रोगराई, इडापिडा स्वतःच्या अंगावर घेऊन जाणारीला रिकाम्या हाताने कसं पाठवणार?

मारबतींच्या मागे बडग्यांचे पुतळे. त्यात कोणाची गय नाही. महागाई, पेपरफुटी, रस्त्यातले खड्डे, मंत्री, परदेशातले राष्ट्राध्यक्षसुद्धा. गळ्यात पाट्या, पाट्यांवर अर्धं मराठी अर्धं हिंदी यमक. वर्षभर चहाच्या टपरीवर जे चालतं ते त्या दिवशी बांबू-कागदाचं होऊन रस्त्यावर येतं आणि मग जाळलं जातं. ज्या शहराला वर्षातून एकदा उघड शिव्या द्यायची मुभा आहे ते शहर मला बरं वाटतं. खेड्यांत हेच साधेपणाने होतं. पोळ्याला दारात पळसाच्या डहाळ्या लावायच्या, मेढे म्हणतात त्यांना, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ओरडत ओरडत गावाबाहेर नेऊन टाकायच्या.

पुढे राहता आलं तर महालक्ष्म्या आहेतच. तुमच्या गौरी, आमच्या महालक्ष्म्या. त्यांच्या जेवणाला दुपारी एका घरी, रात्री दुसऱ्या घरी, सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी, आणि नाही म्हटलं तर यजमानीण वर्षभर लक्षात ठेवते. गणपती गेला तरी आमचं संपत नाही. पितृपक्षात, जेव्हा कोणी शुभकार्य काढत नाही, तेव्हा भोसल्यांच्या वाड्यात हडपक्या गणपती बसतो. आणि पोरींची भुलाबाई, भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत. गाणी झाली की बंद डबा हलवायचा आणि आवाजावरून खिरापत ओळखायची. खुळखुळ वाजला तर शेंगदाणे, धपधप वाजला तर लाडू. तुझी आई डब्यात कापडाचा बोळा घालून फसवायची. ही भुलाबाई आता फार थोड्या घरी राहिली.

दसऱ्याचं मात्र एक सांगायलाच हवं. १४ ऑक्टोबर १९५६, बाबासाहेबांनी दीक्षा घेतली तो दिवस विजयादशमीचा होता, म्हणून दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात. गाठोडी डोक्यावर, लेकरं कडेवर, विदर्भातून, मराठवाड्यातून, पार उत्तरेतून. लक्ष्मीनगर, रहाटे कॉलनीच्या रस्त्यांवर जेवणाचे मंडप लागतात. आलेला माणूस पत्रावळ घेऊन बसतो, तू कोण, कुठला, कोणी विचारत नाही. आणि जाताना तो ग्रंथांच्या दुकानांतून पुस्तकं घेऊन जातो. सणाला पुस्तक विकत घेणारी एवढी गर्दी मी दुसरीकडे पाहिली नाही. त्याच दिवशी सकाळी रेशीमबागेत संघाचा कार्यक्रम, संघाची स्थापनाही १९२५ च्या दसऱ्याचीच. दोन्ही एका शहरात. आमच्यासारखी मधल्या वस्तीतली माणसं संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन मोठ्यांच्या घरी जातात.

संक्रांतीला पतंग उडवायला येऊ असं तुझ्या नवऱ्याने सुचवलं होतं म्हणे. जुन्या शुक्रवारीचा पतंगबाजार, गच्चीगच्चीवरून 'ओ काट', पूर्वी कोणाच्याही गच्चीवर चढता यायचं, ते सगळं मलाही आवडतं. पण नायलॉन मांजावर हरित लवादाची २०१७ पासून बंदी असूनही तो विकला जातो, गळे कापले जातात, आणि त्या दिवशी पोलीस उड्डाणपूल बंद ठेवतात. ओजसला स्कूटरवर पुढे उभं करून मी तरी नेणार नाही.

तेव्हा तिकिटं लवकर काढ. पोळ्याच्या आदल्या रात्री निघालात की सकाळी पुरणपोळीला पोचाल. बाकरवडी आणू नकोस, इथे पोत्याने मिळते. सांबारवडीचे दिवस नाहीत, तरी करीन. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे तुझ्या नवऱ्याला सांगून ठेव, मागच्या वेळी तो इडली शोधत बसला होता. आणि त्यालाही आणच. मारबतीच्या गर्दीत ओजसला दोन तास खांद्यावर कोण घेणार? माझ्याने होणार नाही आणि तुझ्या काकांचा गुडघा तुला माहीतच आहे.

तुझी,
मावशी