आर्नोच्या कांठानें

फ्लॉरेन्स शहर पायींच पाहावें. तेथील मुख्य ख्रिस्तमंदिरापासून आर्नो नदीवरील जुन्या पुलापर्यंतचें अंतर जेमतेम अर्धा मैल. गाडींत बसणारास तें दिसण्यापूर्वींच संपतें.

सकाळींच मी मंदिराच्या घुमटावर चढलों. पायऱ्या ४६३, वाट घुमटाच्या दोन कवचांमधून जाते. १२९६ सालीं आरंभिलेल्या या मंदिरावर एवढा विशाल घुमट बसवावा कसा, हें कोडें कित्येक पिढ्या सुटलें नव्हतें. ब्रुनेलेस्कीनें १४२० ते १४३६ या सोळा वर्षांत, खालून लांकडी सांगाड्याचा आधार न घेतां, विटांची गुंफण अशी साधली कीं चढता थर आपला भार आपणच पेलीत गेला.

तेथून उतरून मी जुन्या पुलावर आलों. १३४५ सालच्या या पुलावर पूर्वीं खाटिकांचीं दुकानें होतीं. १५९३ सालीं ग्रँड ड्यूकच्या आज्ञेनें तेथें सोनार आले, ते आजतागायत आहेत. १९४४ सालीं माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानें शहरांतील बाकीचे पूल उडविले. हा एकच वांचला. शेजारचा सान्ता त्रिनिता पूल लोकांनीं नदीच्या पात्रांतून जुने दगड वेंचून १९५८ सालीं पुन्हां उभारला. त्यावरील वसंतऋतूच्या पुतळ्याचें मस्तक मात्र १९६१ सालीं पात्रांत सांपडलें, आणि तेंही जागच्या जागीं बसविण्यांत आलें.

उन्हें कलतीं झालीं तेव्हां मी नदीच्या कांठानें पश्चिमेस तीनेक मैल चालत कास्चिने उपवनाच्या शेवटास पोंचलों. तेथें मुन्योने नांवाची लहान नदी आर्नोस मिळते. संगमावर एक छत्री असून तींत कोल्हापूरच्या राजाराम महाराजांचा अर्धपुतळा आहे. विलायतेहून परततांना ३० नोव्हेंबर १८७० रोजीं, अवघ्या विसाव्या वर्षीं, ते या शहरीं वारले. दहनाची चाल तेथें नसतां नगराधिकाऱ्यांनीं अनुज्ञा दिली, आणि या संगमावर त्यांचा अग्निसंस्कार झाला. ही छत्री १८७४ सालची. जवळच १९७८ सालीं बांधलेल्या मोठ्या पुलासही लोकांनीं ‘त्या हिंदी माणसाचा पूल’ असेंच नांव दिलें आहे.

पादत्राणें काढून मीं हात जोडले. घरापासून दूर, परक्या मुलखांत आलेलें मरण आपणांस सर्वांत भयाण वाटतें. तेथें ना आप्त, ना ओळखीची भाषा. परंतु ज्या नगरानें स्वतःच्या पुलाचे दगड गाळांतून वेंचून काढले, त्यानेंच एका पाहुण्या तरुणाची आठवणही पाण्यांत वाहून जाऊं दिली नाहीं. घुमट पाहून या नगराच्या बुद्धीविषयीं आदर वाटला. संगमावर त्याच्या हृदयाची ओळख पटली.