सेकंडहँड व्हीएमसी

गेले तीन वीकेंड एकाच प्रश्नात गेले. अकरा लाखांची जुनी व्हीएमसी घ्यायची की नाही? माझे फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी साठवलेले पैसे त्यात जाणार होते, त्यामुळे प्रश्न बाबांचा होता तितकाच माझाही.

ज्यांचा मशीनशी संबंध फर्स्ट इयरच्या वर्कशॉपपुरताच आला (आणि तिथला जॉबही मित्राकडून घासून घेतला), त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. व्हीएमसी म्हणजे व्हर्टिकल मशीनिंग सेंटर. उभा स्पिंडल, त्यात फिरणारा कटर, खाली सरकणारं टेबल, आणि हे सगळं चालवणारा कंट्रोलर. प्रोग्राम जी-कोडमध्ये. 'जी०१ एक्स५० एफ२००' म्हणजे मिनिटाला २०० मिलिमीटर वेगाने सरळ रेषेत एक्स ५० पर्यंत जा. १९५२ साली एमआयटीत असं पहिलं मिलिंग मशीन चालवून दाखवलं, तेव्हा सूचना पंच टेपवरून जायच्या. फरक एवढाच, की आपल्याकडे बग आला तर एरर दिसते. इथे कटर थेट व्हाइसमध्ये घुसतो.

भोसरीत बाबांचं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक एम१टीआर मिलिंग, एक ड्रिल. फिक्स्चरच्या प्लेटी, ब्रॅकेट, असली जॉबवर्कची कामं. हल्ली पार्टी ड्रॉइंग दाखवायच्या आधीच विचारते, "व्हीएमसी आहे ना?" त्यामुळे चांगल्या रेटची कामं बाहेरून करून घ्यावी लागतात आणि मार्जिन दुसऱ्याच्या खिशात जातं. अशात कळलं, की चाकणच्या एका टूलरूमला जुनं मशीन काढायचंय. २०१० चं मॉडेल, फानुकचा कंट्रोलर, बीटी४० स्पिंडल.

पहिल्या शनिवारी बघायला गेलो. स्क्रीनवर पॉवर-ऑनचे आणि कटिंगचे तास दिसतात. मी लगेच फोटो काढला. बाबा म्हणाले, "तो आकडा बदलता येतो. जुन्या गाडीचं किलोमीटर बघून गाडी घेतोस का?" त्यांनी स्पिंडल अर्धा तास फुल स्पीडला चालवायला लावला, आवाज ऐकला, मग बंद करून खालच्या तोंडावर तळहात ठेवला. कोमट होता. बेअरिंग ठीक.

खरी गंमत बॅकलॅशची. टेबल सरकवतो तो बॉलस्क्रू. तो झिजला की दिशा उलटताना टेबल क्षणभर जागचं हलत नाही. हे मोजायला टेबलाला डायल गेज लावतात. टेबल एका दिशेने सरकवायचं, मग उलट, आणि काटा किती मागे राहतो ते बघायचं. टेबलाच्या मधोमध आमचा काटा बरोब्बर शून्यावर. पंधरा वर्षांचं मशीन आणि शून्य? बाबांनी गेज कडेला नेला. तिथे दिशा उलटली की टेबल जवळजवळ तीन शतांश मिलिमीटर जास्तच उडी मारत होतं!

इथे माझं शिक्षण कामाला आलं. फानुकमध्ये बॅकलॅश भरून काढायला १८५१ नंबरचा पॅरामीटर असतो. उघडून बघितला, तर एक्सला ३८ मायक्रॉन. म्हणजे वर्षानुवर्षं व्हाइस मधोमध लावून काम केल्याने स्क्रू मधेच झिजला होता आणि कुणीतरी तेवढ्या भागापुरता आकडा टाकून ठेवला होता. कडेला स्क्रू चांगला, म्हणून तिथे हीच भरपाई जास्त होत होती. एका टेस्ट केससाठी हार्डकोड केलेली व्हॅल्यू म्हणा ना! मग कडेला एक गोल बोअर इंटरपोलेट करून बघितला. चारही क्वाड्रंटवर बारीक रेघ. बाबांनी नख फिरवलं आणि म्हणाले, "ब्रॅकेट होतील. बोअर नाही."

पण एवढ्यावर मशीन बाद होत नाही. बॉलस्क्रू बदलता येतो. दीड लाखाचं कोटेशन आलं आणि टूलरूमवाले अकरावरून साडेआठवर आले. मी खूष. एक्सेल उघडलं.

मशीन साडेआठ, स्क्रू दीड, होल्डर-कटर-व्हाइस दोन, क्रेन आणि लेव्हलिंग अर्धा. एकूण साडेबारा लाख. आमच्याकडचा रेट तासाला ४००. आठ तासांच्या शिफ्टमध्ये सेटिंग, मोजमाप, चहा आणि गेलेली लाइट धरून बिल होतात पाच तास. महिन्याचे २५ दिवस, म्हणजे १२५ तास, पन्नास हजार. त्यातून ऑपरेटर २२, वीज ८, टूल आणि मेंटेनन्स ६. हातात १४ हजार. पैसे सुटायला साडेसात वर्षं.

दोन शिफ्ट भरून चालवल्या तर २८ हजार, चार वर्षांच्या आत सुटतं. बाबांनी पार्ट्यांना फोन केले. खात्रीचं काम निघालं महिन्याला १८० तासांचं. ऐकायला छान. पण एका शिफ्टला जास्त आणि दोनला कमी. उरलेल्या ५५ तासांसाठी दुसरा ऑपरेटर ठेवला तर वीज आणि टूल वजा जाता त्याचा पगारही निघत नाही. त्याला किमान ७६ तास लागतात. म्हणजे २०० च्या पुढे गेल्याशिवाय दुसरी शिफ्ट स्वतःचंच पोट भरत नाही.

बाबांनी शीट बघितलं आणि ऑपरेटरच्या रकान्यावर बोट ठेवलं. "हे २२ काढून टाक. मी उभा राहतो." काढले. ३६ हजार! तीन वर्षांच्या आत मशीन सुटलं. आकडा खोटा नव्हता. पण बाबा ५९ चे आहेत आणि जिना उतरताना कठडा धरतात. सगळं गणित त्यांच्या गुडघ्यांवर उभं राहिलं होतं, आणि त्याचं कोटेशन कुणी देत नाही.

"बाबा, तुम्ही उभे राहणार असाल तर माझे पैसे नाहीत," मी म्हटलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मशीन मिळतं रे. तास मिळत नाहीत."

तर, मशीन घेतलं नाही. घासाघीस करून वाचलेले अडीच लाख सुटण्याची मुदत दीड वर्षाने कमी करत होते. भरलेली दुसरी शिफ्ट ती निम्मी करते. म्हणून तूर्त काम वाढवायचं, भोसरीतच दुसऱ्याच्या रिकाम्या मशीनवर करून घ्यायचं, आणि शनिवार-रविवार प्रोग्राम मी लिहायचे. वर्कशॉपच्या फळ्यावर बाबांनी खडूने २५० लिहिलंय. तितके तास जमले की पुन्हा डायल गेज घेऊन निघायचं.

असो. पैसे एफडीत आहेत. आता फ्लॅटचं काय, हे आईने अजून विचारलेलं नाही.